सातबारा, पालखी आणि फॉर्म्युलेशन: क्लिनिकल ट्रेनिंगमध्ये समाज कुठे बसवायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या लांजा तालुक्यातल्या, क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.च्या दुसऱ्या वर्षाला. क्रिटिकल आणि कम्युनिटी सायकॉलॉजी, म्हणजे दुखण्याची मुळं माणसाच्या आतच न शोधता समाजात आणि सत्तेत शोधणारं मानसशास्त्र, वाचायला लागल्यापासून वॉर्डातलं काम तुम्हाला खोटं वाटायला लागलंय. कर्ज, जात, नवऱ्याची मारहाण यांतून आलेलं दुखणं आपण ‘डिप्रेशन, मध्यम’ असं लिहून माणसाच्या आत ढकलतो, आणि सुपरव्हायजरला टेस्ट रिपोर्ट वेळेवर मिळाला की झालं. मग हे ट्रेनिंग सोडून समाजकार्याकडे वळावं का? आणि कोकणात परतल्यावर ओपीडीत या विचारांचा काही उपयोग होतो का?

होतो. आणि ट्रेनिंग सोडू नका. एवढ्याने तुमचं समाधान व्हायचं नाही, म्हणून जरा लांबण लावते.

मी रत्नागिरी जिल्ह्यात खासगी प्रॅक्टिस करते आणि महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी किनाऱ्यावरच्या एका आरोग्य केंद्रात बसते. खाली येणारी माणसं दोन-तीन केसेस मिसळून, तपशील बदलून लिहिली आहेत. शिवाय तुम्ही पुढे सरकारी नोकरीत जाणार, संस्थेत की स्वतःचा दवाखाना टाकणार, यावर बरंच काही अवलंबून राहील. सरकारी ओपीडीत माणसामागे दहा मिनिटं मिळाली तरी नशीब. संस्थेत वेळ असतो, पण प्रोजेक्टची मुदत संपली की टीम उठते. खासगीत वेळ तुमचा, पण फी देऊ शकणारेच येतात. माझं म्हणणं या तिन्हींत सारखं लागू पडणार नाही.

माझ्या मते तुमची अडचण ‘क्लिनिकल की सामाजिक’ ही नाहीच. दुखण्याचं कारण म्हणून फाइलमध्ये काय लिहायचं हे आपल्या हातात नाही असं तुम्हाला वाटतंय, ती खरी अडचण. ते बऱ्यापैकी तुमच्या हातात असतं. वाचनात आलेली नावं आठवून बघा. १९६५ साली अमेरिकेत स्वॉम्पस्कॉटला मानसशास्त्रज्ञ जमले आणि कम्युनिटी सायकॉलॉजी हे नाव रुजलं, ते ‘सामाजिक मानसिक आरोग्याच्या कामासाठी आपल्या लोकांना शिकवायचं कसं’ या प्रश्नावर. वसाहतवादावर लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन अल्जीरियात ब्लिदाच्या मनोरुग्णालयात वॉर्ड सांभाळत होता. इटलीत १९७८ साली मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा झाला, त्यामागचा मानसोपचारतज्ज्ञ फ्रांको बझालिया स्वतः अशा रुग्णालयांचा संचालक होता. २०१८ साली ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या क्लिनिकल विभागाने ‘पॉवर थ्रेट मीनिंग’ ही चौकट मांडली. ‘तुमचं काय बिघडलंय’ याऐवजी ‘तुमच्यावर काय गुदरलं’ असं विचारा, हा तिचा गाभा. लिहिणाऱ्या ल्युसी जॉनस्टन आणि मेरी बॉइल क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच. वॉर्डाच्या बाहेर उभं राहून टीका करणारे यांत कमीच आहेत.

आता ओपीडीत ये-जा करणाऱ्या माणसांकडे येते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर बऱ्याच काळाने साठीचे एक बागायतदार मुलाबरोबर आले. झोप पहाटे तीनला तुटायची, जेवण निम्म्यावर, दिवसभर पडक्या वाडीत बसून. पीएचक्यू-९ या डिप्रेशन मोजणाऱ्या प्रश्नावलीचा स्कोअर सोळा, जीव देण्याचा विचार नाही. रेफरल चिठ्ठीवर ‘वादळानंतरचा पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, असं लिहिलं होतं. पण वादळाची स्वप्नं नाहीत, वारा सुटला की घाबरणं नाही, त्या दिवसाबद्दल ते सरळ बोलत. अडखळायचे ते सातबारा निघाला की.

आपल्याकडचा सातबारा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या नावाने चालत आलेला, वीस-पंचवीस हिस्सेदारांचा सामायिक कागद. निम्मे मुंबईत, काही वारलेले, काहींचे वारस कुठे आहेत पत्ता नाही. वाडी कसणारा एकटा, भरपाईसाठी संमती मात्र सगळ्यांची. त्यात भरपाई आधी हेक्टरच्या हिशेबाने ठरली आणि इथली वाडी मोजतात गुंठ्यांत. झाडामागे पैसे देण्याचं नंतर ठरलं. नवीन माड लावला तर फळ धरायला पाच-सात वर्षं. साठीच्या माणसाने ती वर्षं कुठून आणायची? भाऊ फोनवर विचारायचे, “पैसे आले का?” संमतीपत्राचं नाव काढलं की फोन ठेवायचे.

इथे तुमच्या सुपरव्हायजरला हवं असलेलं निदान मी लिहिलंच: मध्यम तीव्रतेचं डिप्रेशन. ते खोटं नव्हतं. पण खाली फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे दुखणं कशातून आलं आणि कशाने टिकलं याच्या मांडणीत, दुखणं टिकवून धरणाऱ्या घटकांत ‘नकारात्मक विचारपद्धती’ असं न लिहिता असं लिहिलं: “उत्पन्नाचं एकमेव साधन गेलेलं, भरपाई सामायिक मालकीमुळे अडलेली, भावांपुढे जाब देण्याची जबाबदारी एकट्यावर, ‘मी वाडी राखली नाही’ हा विचार या परिस्थितीतून येतो आणि भावांच्या फोनने दर वेळी पक्का होतो.” वाक्य लांब आहे, पण त्याने उपचार बदलले. रोजच्या कामांचं वेळापत्रक करताना ‘फिरायला जा, भजनाला जा’ हे गळालं आणि ‘पडलेले सोट रांगेरांगेने बाजूला काढणं, मुलाबरोबर’ हे आलं. दुसरं म्हणजे फॅमिली सेशन गणपतीत ठेवलं, कारण चाकरमानी तेव्हाच गावात असतात. विषय एकच ठेवला, संमतीपत्र. एका भावाने सही केली, दुसऱ्याने ‘बघू’ म्हटलं आणि अजून बघतोय. पण जाब एकट्याने द्यायचा नाही हे त्या बैठकीत ठरलं आणि झोप पैशाआधी सुधारली.

मी तलाठ्याकडे गेले नाही, अर्ज लिहिला नाही. ते माझं काम नव्हे, आणि मी ते वाईट केलं असतं. मात्र सामायिक सातबारा म्हणजे काय हे ठाऊक नसतं, तर त्या माणसाच्या अपराधीपणाला मी विचारातला दोष म्हणून सोलत बसले असते. स्थानिक व्यवहाराचं ज्ञान हे क्लिनिकल ज्ञान आहे, असं मी ठामपणे म्हणते. मासेमारीच्या गावात बसणार असाल तर १ जून ते ३१ जुलै ही बंदी, खलाशाने मालकाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत बोट न बदलण्याची अट हे माहीत हवं. नाहीतर जूनमध्ये वाढलेली दारू तुम्ही ‘मोटिव्हेशनचा अभाव’ म्हणून लिहाल.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. “सगळी वाडी आमच्या वाईटावर आहे. दुकानात सामान देत नाहीत. मी गेले की बोलणं थांबवतात. पोरीच्या लग्नाला कोण येऊ नये म्हणून बैठक घेतली.” मानसिक स्थितीच्या तपासणीत हे छळाचे भ्रम म्हणून सहज बसतं, आणि ट्रेनी तसं लिहून मोकळा होतो. पण आपल्याकडे वाळीत टाकणं ही कल्पना नाही. पालखीचा मान, देवळाची वर्गणी, जमिनीचा वाद, गावकीच्या बैठकीत उलट बोलणं, एवढ्यावरून कुटुंबं वाळीत पडतात. महाराष्ट्राने त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग ओळखायचं कसं? मी विचारते: शिमग्यात पालखी तुमच्या दारात आली का? न आल्याला किती वर्षं झाली? त्याआधी काय घडलं होतं? शेवटचं आवतण कधी आलं? दुकानदार फक्त उधार नाकारतो की रोख पैसेही घेत नाही? पलीकडच्या गावातल्या दुकानात काय होतं? बहिष्काराला तारीख असते, निमित्त असतं, बैठक झालेली असते आणि मुख्य म्हणजे शीव असते. शेजारच्या गावात माणूस मोकळा श्वास घेतो. भ्रम सहसा शिवेवर थांबत नाही. एसटीत, टीव्हीत, मुंबईच्या अनोळखी माणसांतही पोचतो. हा काही चोख नियम नव्हे. वर्षानुवर्षं वाळीत राहिलेला माणूस शेजारच्या गावातही दबकून वागतो, आणि वाळीत पडलेल्याला सायकोसिस (भ्रम-भास होणारा आजार) होऊ नये असाही कायदा नाही. त्या बाईंच्या बाबतीत बहिष्कार खरा होता, आणि गेल्या काही महिन्यांत रात्री कौलांवरून कोणी चालल्याचे आवाजही होते. सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, आवाज कमी झाले. पालखी आली नाही. दोन्ही गोष्टी फाइलमध्ये वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्या. एकीने दुसरी पुसली जाऊ नये, एवढ्यासाठी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ३ वाचून ठेवा. माणसाची सामाजिक-आर्थिक स्थिती किंवा त्याच्या समाजातल्या रूढ नैतिक, सामाजिक, धार्मिक समजुतींशी न जुळणं, याच्या आधारे मानसिक आजार ठरवता येत नाही असं त्यात आहे. तुम्ही वाचता त्या टीकेतला मोठा भाग आपल्या कायद्यात आधीच आहे. सुपरव्हायजरशी वाद घालताना परदेशी लेखकापेक्षा हे कलम जास्त उपयोगी पडतं, हा अनुभवाचा सल्ला.

बाईंना मी बहिष्काराच्या कायद्याची माहिती दिली, तक्रार करा म्हणून रेटलं नाही. तक्रार झाली की मी रत्नागिरीत असते, बाई मात्र वाडीतच असतात. आणि त्यांच्या परवानगीशिवाय गावात एकही फोन केला नाही, आशाताईंनाही नाही. कम्युनिटी सायकॉलॉजीच्या उत्साहात गोपनीयता सगळ्यात आधी मरते. माझी गाडी एखाद्या घरापुढे उभी राहिली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला ठाऊक. म्हणून मी घरी जातच नाही. बीपी-शुगरच्या शिबिरात टेबल लावते, तिथे कोण कशासाठी बसलंय ते कळत नाही.

यावरून एक गोष्ट निघते, जी तुमच्या वाचनात बहुधा पुसट आहे. समाज हा आपोआप औषध नसतो. ज्या गावाला आपण ‘आधार’ म्हणतो तेच गाव बहिष्कार टाकतं, तेच विधवेला हळदीकुंकवातून वगळतं, तेच कातकऱ्याला ओटीवर बसू देत नाही. ‘समाजाला सहभागी करून घ्या’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, समाजातल्या कोणाला? बहुतेक वेळा उत्तर असतं आशाताई, म्हणजे आधीच रजिस्टरांखाली दबलेली, मोबदल्यावर काम करणारी बाई. गोव्यात साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून आरोग्य केंद्रात डिप्रेशन-चिंतेची काळजी घेण्याचा मोठा प्रयोग झाला, २०१० साली तो लॅन्सेटमध्ये आला. सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. त्यातले समुपदेशक याच कामासाठी नेमलेले होते, त्यांच्यावर देखरेख होती आणि गरज पडली तर तज्ज्ञ डॉक्टर मागे होते. आपल्याकडे त्या निष्कर्षाचा अर्थ ‘आशाला दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या’ असा लावतात. तिच्या वेळेचे पैसे कोण देणार हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारणं, हेही क्रिटिकल सायकॉलॉजीच. त्यासाठी कुठलाही जाड ग्रंथ लागत नाही.

आता निदानाबद्दल. लेबल लावणं म्हणजे अन्याय, हे वाक्य जिथे सेवा घरापर्यंत पोचलेल्या आहेत तिथे वेगळं ऐकू येतं. इथे स्किझोफ्रेनिया असलेला मुलगा दहा वर्षं देवरुषी, देवाचा कौल आणि नारळ यांत फिरून माझ्यापर्यंत येतो तेव्हा त्याला निदान मिळणं हा त्याचा हक्क असतो. त्या निदानावर अपंगत्वाचं मूल्यमापन होतं, चाळीस टक्के किंवा जास्त निघालं तर प्रमाणपत्राचे लाभ मिळतात, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. आयक्यू टेस्ट अचूक करता न आल्याने एखाद्या मुलाचं प्रमाणपत्र अडलं, तर तुमच्या क्रांतिकारी वाचनाचा त्याच्या आईला काय उपयोग? टेस्ट नीट शिका, कंटाळा आला तरी. आत्महत्येचा धोका तपासणं, फिट आणि डिसोसिएशन (मानसिक ताणातून भान सुटणं) यांतला फरक, दारू अचानक सोडल्यावरचा डेलिरियम (तीव्र गोंधळ), हे चुकलं तर माणूस जातो. तिथे सामाजिक कारणांची चर्चा दुसऱ्या दिवशी.

अंगात येण्याबद्दल वेगळं विचारलंय तुम्ही, त्याचं उत्तर छोटं आहे. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणातच असं आहे की समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग असलेली संचाराची अवस्था विकार धरायची नाही. शिमग्यात, जत्रेत, ठरल्या वेळी वारं येतं आणि उतरतं. मी त्याला हात लावत नाही. सासूने ‘शेत पोरीच्या नावावर करणार नाही’ म्हटल्यापासून मंगळवार-शुक्रवार सुनेच्या अंगात येतं, तेव्हा शेताबद्दल बोलावं लागतं. गुरवाशी किंवा देवाशी मी भांडत नाही. साखळदंड, उपाशी ठेवणं, मार आणि बंद केलेल्या गोळ्या, एवढ्याच चार गोष्टींवर मी अडते.

ट्रेनिंगमध्ये हे बसवायचं कसं? तुमच्या पहिल्या वर्षाचा पहिलाच पेपर मनोसामाजिक पायाचा आहे. मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि वॉर्डात विसरतात. केस शीटवर ‘सामाजिक-आर्थिक स्तर’ अशी एक ओळ असते आणि तिथे कुप्पुस्वामी स्केलचा आकडा टाकला की काम संपतं. ते स्केल मुळात शहरी कुटुंबांसाठी केलेलं. आंब्याच्या बागेत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबाचं किंवा काजूच्या कारखान्यात नगावर काम करणाऱ्या बाईचं त्यात काय कळणार? आकडा टाका, फॉरमॅट मोडू नका, पण खाली तीन-चार ओळी स्वतःच्या लिहा: घर कोणाच्या नावावर, पैसा कोणाच्या हातात, निर्णय गावात होतो की मुंबईत, दवाखान्यात यायला कोणाची परवानगी आणि कोणती एसटी. शेवटची ओळ थट्टा नव्हे. शेवटची गाडी चारला असेल तर साडेतीनच्या सेशनमध्ये बाई घड्याळाकडे बघते आणि ट्रेनी ‘रेझिस्टन्स’, म्हणजे उपचाराला विरोध, असं लिहितो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून फॉलो-अपला एकट्या येणाऱ्या बायका मला जास्त दिसतात. नवरा किंवा सासू सोबत नसली की काय काय बोलतात, ते तुम्हीच अनुभवा.

जातीबद्दल थेट विचारायला ट्रेनी बिचकतात. आडनावावरून अंदाज बांधायचा आणि विचारायचं नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग. मी साधंच विचारते: “गावात, कामावर, शाळेत जातीवरून कधी काही सोसावं लागलंय का?” नाही म्हणाले तर पुढे जाते. काही जण चौथ्या-पाचव्या भेटीत आपणहून त्या प्रश्नावर परत येतात.

समाजकार्याचं म्हणाल, तर ते वेगळं, मेहनतीचं शास्त्र आहे. क्लिनिकलचा वैताग आला म्हणून जायची जागा नव्हे. तुमच्या विभागातल्या सायकियाट्रिक सोशल वर्करबरोबर महिनाभर फिरा. योजना, कार्यालयं आणि घरभेटी यांत त्या तुमच्या चार पावलं पुढे असतात.

प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल तर एक सुचवते. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ म्हणतं की घरच्यांनी स्वीकारलं नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत ठेवता येणार नाही. मग बरी झालेली माणसं घरी जातात तेव्हा तिथे नेमकं काय होतं? गोळ्या कोण आणतो, ओटीवर बसू देतात का, सातबाऱ्यावरचं नाव अजून आहे की मधल्या काळात कमी झालं? आठ-दहा घरांच्या सविस्तर मुलाखती पुरतात. संशोधनाच्या एथिक्स कमिटीच्या परवानगीला वेळ लागतो, तेव्हा लवकर हाला. आणि सुपरव्हायजर गुणात्मक अभ्यासाला नाक मुरडत असतील तर अपंगत्व मोजण्याचं एक प्रमाणित स्केल जोडा. बहुतेक जण तेवढ्यावर मानतात.

केंद्रात माझ्यासोबत बसायचं असेल तर तुमच्या विभागाचं पत्र घेऊन या, पत्राशिवाय मी कोणालाच बसवत नाही. शक्यतो गणपतीच्या आठवड्यात या. मुंबईची माणसं गावात असल्यामुळे त्या दिवसांत फॅमिली सेशन्स लागोपाठ असतात, आणि नोंदी घ्यायला मला खरंच कोणीतरी हवंच असतं.